शिकारीची गाडी

क्रेनवरून पिकअप खाली उतरली तेव्हा तिचं टप चेपून सीटला टेकलं होतं. मुनाफनं ती लगेच ओळखली. नऊ दिवसांपूर्वी त्यानंच विकली होती. सौदीतल्या हफ्र अल बातिन शहराच्या वेशीवरचं हे यार्ड त्याच्या कफीलचं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाचं. जुन्या गाड्या घ्यायच्या, रुंद टायर घालायचे, मागे पिंजरे आणि बंदुकांचे स्टँड बसवायचे आणि वाळवंटात शिकारीला जाणाऱ्यांना विकायच्या. सगळं मुनाफच बघायचा. बावीस वर्षं झाली होती त्याला इथे.

क्रेनमधून मिशाल उतरला. गाडी त्यानंच घेतली होती. त्याच्या पांढऱ्या पायघोळ थोबवर छातीपासून गुडघ्यापर्यंत वाळलेल्या रक्ताचे डाग होते. हातात स्टिअरिंगच्या रॉडचे दोन तुकडे. त्यानं ते मुनाफच्या पायाशी टाकले.

"रॉड नवा आहे म्हणाला होतास."

मुनाफनं खाली पाहिलं. रॉड वेल्डिंगवरच तुटला होता.

"माझा भाऊ मागे उभा होता. तुर्की नाव त्याचं. ससाणा हातावर घेऊन." मिशाल सावकाश बोलत होता, मुनाफला अरबी समजत नसावी तसा. "उतारावर स्टिअरिंग नुसतंच फिरायला लागलं. गाडी उलटली ती त्याच्यावर. आज सकाळी त्याचे दोन्ही पाय कापले. एकोणीस वर्षांचा आहे तो."

अल्ला त्याला बरं करो, असं म्हणायचं मुनाफच्या मनात आलं.

"वेल्डिंग कोणी केलं?"

वेल्डिंग अलीनं केलं होतं. अली म्हणजे मुनाफचा मेहुणा, बहिणीचा, इकराचा नवरा. सात महिन्यांपूर्वी मुनाफनंच त्याला दाभोळहून आणला होता. हा रॉड हातात घेऊन त्या दिवशी तो मुनाफकडे आलाही होता. "मुनाफभाई, तडा गेलाय याला. नवीन टाकूया." "नवीन रियाधहून येईल चार दिवसांनी. गिऱ्हाईक दारात उभंय," मुनाफ म्हणाला होता. "जोड आणि वरून रंग मार."

"कोणी?" मिशालनं पुन्हा विचारलं.

मुनाफनं हात वर केला आणि बोट दाखवलं. शेडमध्ये एका ट्रकखालून दोन पाय बाहेर आले होते.

मिशाल गेला आणि त्यानं ते पाय धरून ओढले. अली काँक्रीटवरून पाठीवर घसरत बाहेर आला. काय होतंय ते कळायच्या आत चाकं खोलायचा लांब पाना त्याच्या बरगड्यांवर बसला. मग खांद्यावर. अलीनं अंगाचं मुटकुळं करून डोक्यावर हात घेतले. पाना हातांवर बसला. मिशालचा फक्त श्वास ऐकू येत होता. क्रेनचा ड्रायव्हर धावत आला, मिशालच्या दंडाला धरायला गेला आणि कोपर नाकावर बसून मागे पडला.

"मुनाफभाई!" अली ओरडला. "सांगा ना त्याला! सांगा!"

मिशाल थांबला. वळून त्यानं मुनाफकडे पाहिलं, आणि पाना त्याच्यापुढे धरला.

"तुझा माणूस आहे. मार त्याला. मग मला कळेल, यात तुझा हात नव्हता."

मुनाफनं पाना घेतला. तो ओला होता आणि गरम होता. पोलीस, तुरुंग, मग गावी रवानगी. घरी मुलीचं, उमामाचं लग्न ठरलेलं. हे सगळं त्याच्या डोक्यातून गेलं, आणि त्यानं पाना उचलला. अलीच्या जमिनीवर टेकलेल्या उजव्या हातावर त्यानं तो मारला. जोरात मारला. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला.

अली ओरडला नाही. त्यानं मान वर करून पाहिलं. ओठ फाटला होता, त्यातून रक्त हनुवटीवर आलं होतं. तो मराठीत, हळू आवाजात म्हणाला, "जोड म्हणून तुम्हीच सांगितलंत ना."

"काय म्हणतोय?" मिशालनं विचारलं.

अलीला अरबी येत नव्हती. मिशालला मराठी येत नव्हती.

"माफी मागतोय," मुनाफ म्हणाला.

मिशालचे खांदे हलायला लागले. तो गुडघ्यांवर बसला, अलीच्या अगदी समोर, आणि मोठ्यानं रडायला लागला, लहान मूल रडतं तसा. रडता रडताच त्यानं डोक्यावरचा रुमाल काढला, अलीचा मोडलेला हात उचलून छातीशी घेतला आणि रुमाल गुंडाळायला लागला. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. मग अलीच्या कपाळाला कपाळ लावून तो काहीतरी बोलला, आणि पुन्हा तेच बोलला.

अलीनं अंग चोरलं होतं. आता हा काय करणार, ते त्याला कळत नव्हतं. त्यानं मिशालच्या खांद्यावरून मुनाफकडे पाहिलं.

"काय म्हणतोय हा?"

पाना अजून मुनाफच्या हातात होता.

"म्हणतोय, माफ केलं."

अलीनं पान्याकडे पाहिलं.

"कोणाला?"