पूल संपू दे

शिकाऊ गार्ड रेहनुमानं माईक ओठांना टेकवून तिसऱ्यांदा तेच वाचलं, आधीपेक्षा मोठ्यानं. "सन्माननीय प्रवाशांनो, अपरिहार्य कारणास्तव पलाशडांगा स्थानकावर ही गाडी नेहमीच्या फलाटाऐवजी..."

वाचून झाल्यावर तिनं गार्डच्या डब्याचं दार उघडून शेजारच्या डब्यात पाहिलं. माणसं, पोती, कोंबड्यांच्या पाट्या. पाऊल ठेवायला जागा नव्हती. कुणीही मान वर केली नव्हती.

"कर्ण्यातून काय सांगतायत?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही, नवरा-बायको भांडतायत."

डबा हसला.

पाय मोडलेला तोफाईल नावाचा प्रवासी तीन डबे पुढे होता. कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर. ढाक्याला त्याच्या बायकोनं, जोबेदानं, चौघांच्या हातून त्याला उजव्या दाराशी निजवलं, तेव्हा रेहनुमा तिथंच उभी होती. पलाशडांग्याला फलाट उजवीकडेच येतो. आज डावीकडे, बाजाराच्या बाजूला येणार होता. गाडी थांबणार दोन मिनिटं. तेवढ्यात त्याला गर्दीतून पलीकडच्या दाराशी नेणं होणार नव्हतं. आणि परतीची गाडी उद्या.

"चाचा, कुणालाच कळत नाहीये."

मोफज्जल गार्ड वहीत लिहीत होते. ती त्यांच्या डाव्या हाताला, कमी ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला उभी होती. तिला पुन्हा सांगावं लागलं. सकाळपासून दर वेळी लागत होतं.

त्यांनी तिच्या हातातला कागद घेऊन घडी केली आणि खिशात टाकला. माईक घेतला. आणि गप्प उभे राहिले. गाडी लोखंडी पुलावर चढली. सगळा डबा खडखडू लागला.

"बोला ना चाचा! सहाच मिनिटं आहेत!"

त्यांनी तळहात वर केला. "पूल संपू दे."

पूल संपला. त्यांनी डोक्यावरचा पंखा बंद केला, माईक तोंडापासून वीतभर लांब, जरा कडेला धरला, आणि समोर जेवायला बसलेल्या पाहुण्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "पलाशडांगा."

थांबले. कर्ण्यातली घरघर विरली.

"बाजाराच्या बाजूला. उतरा."

पुन्हा तेच, तसंच.

"अरे, बाजाराच्या बाजूला!" शेजारच्या डब्यात कुणीतरी ओरडलं. "पोती हलवा, पोती!"

गाडी थांबली तशी रेहनुमा डाव्या दारातून बाहेर वाकली. तीन डबे पुढे आधी पांढरा पाय बाहेर आला, मग चार डोकी, मग जोबेदाचा आवाज. "हळू, अरे हळू! माझा नवरा आहे तो, भाताचं पोतं नाही!"

मोफज्जलांनी हिरवं निशाण दाखवलं. गाडी हलली.

"चाचा, हे शिकलात कुठे?"

ते निशाण गुंडाळत राहिले. रेहनुमानं आवाज चढवायला तोंड उघडलं आणि मिटलं. रूळ बदलताना चाकं कडकडली. तो कडकडाट संपेपर्यंत ती थांबली. मग हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "चाचा. हे. कुठे. शिकलात?"

मोफज्जल वळले.

"आत्ता ऐकू आलं," म्हणाले, आणि माईक तिच्या हातात दिला.