भाता

काबूलहून जीव वाचवून आलेल्या इद्रीसला काम मिळावं म्हणून दाजींनी महिनाभर मीरा रोड पालथा घातला. गडी बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्यात एक नंबर, पण जो तो आधी कागद विचारायचा. तावडेशेठचं तर भाईंदरला वाद्यदुरुस्तीचंच दुकान, शिवाय ते मंदिराचे विश्वस्त. त्यांनीही हात जोडले. "दाजी, ते निर्वासिताचं कार्ड मला नका दाखवू. उद्या पोलीस माझ्या दारात यायचे."

एकादशीला दाजी त्याला कीर्तनालाच घेऊन गेले. म्हटलं, निदान दोन घटका जीव रमेल. बुवांनी सुदामा रंगात आणला होता. द्वारकेच्या दारात पहारेकऱ्यांनी सुदाम्याला अडवलं आणि नेमका तिथेच पेटीचा भाता फाटला. "मैं देखूं, चाचा?" म्हणत इद्रीस उठला. जरा डिंक, जरा चिंधी, आणि दहा मिनिटांत पेटी अशी गायला लागली की बुवांनी स्वतःच्या गळ्यातला हार त्याला घातला.

प्रसादाच्या रांगेत तावडेशेठ आपणहून जवळ आले. "काय हात आहे हो याचा. उद्यापासून दुकानात पाठवा. भजनी मंडळांच्या बारा पेट्या पडून आहेत."

दाजींनी मनातल्या मनात विठ्ठलाला दंडवत घातला. "पगाराचं काय ते तुम्हीच ठरवा, शेठ."



"पगाराला कागद लागतात, दाजी. देवाच्या सेवेला कुठे लागतात?"