फाटकापाशी तीन तास

"मी नाही जाणार आत," असं म्हणून स्वानंदी आयर्लंडमधल्या कासलबारच्या शाळेच्या फाटकाला पाठ लावून उभी राहिली.

झालं! पद्मजाने कपाळावर हात मारला. हॉस्पिटलची रात्रपाळी उरकून ती गाडीने थेट इथे आलेली, अंगात त्राण नाही, आणि लेकीचं हे. केमिस्ट्रीचा पेपर साडेनऊला, घड्याळात नऊ वीस. जूनची शाळेच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा कोविडने रद्द झाली, शाळांनी मुलांना अंदाजाने गुण दिले आणि स्वानंदीचं मेडिकल थोडक्यात हुकलं. ज्यांना गुण पटत नाहीत त्यांनी नोव्हेंबरात पेपर द्यावा, असं सरकार म्हणालं. म्हणून पोरगी दोन महिने शेजारच्या शेनसाहेबांकडे शिकली. कुंपणाच्या अलीकडे ही, पलीकडे ते. आज तिच्यासोबत शाळेपर्यंत चालत आले होते तेही.

"आय'म ग्रँड, आई. माझं बरं चाललंय. फार्मसी मिळतेय ना? आत्ताही कमीच पडले, तर सगळे म्हणतील, शाळेचा अंदाज बरोबर होता."

पद्मजा चिडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात शेनसाहेब पुढे झाले. वय चौऱ्याऐंशी, बोलणं मोजकं. तरुणपणी चीनमध्ये जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी होते, एवढंच या मायलेकींना ठाऊक.

"सहासष्ट साली, सांस्कृतिक क्रांतीत, मीसुद्धा कॉलेजप्रवेशाची एक परीक्षा रद्द केली," ते म्हणाले. "वरून हुकूम आला, मी शिक्का मारला. सातशे बारा मुलं अभ्यास करून बसली होती. एकालाही कुणी विचारलं नाही. तुला विचारलंय, पोरी."

स्वानंदीने फोन त्यांच्या हातात कोंबला आणि तरातरा आत निघून गेली.

"शेनआजोबा, तुम्ही गाडीत बसा. मी थांबते बाहेर. गारठाल हो," पद्मजा म्हणाली.

"अर्ध्या तासाने."

अर्ध्या तासानंतर पेपर टाकून बाहेर पडता येतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. नियम तोंडपाठ! भुरभुर पावसात ते दाराकडे डोळे लावून उभे राहिले. दहा वाजता दार उघडलं. स्वानंदीसारख्याच हिरव्या जाकिटातली एक मुलगी मान खाली घालून बाहेर आली आणि पद्मजा दोन पावलं पुढे झाली. नाही, ती दुसरीच कुणीतरी निघाली. शेनसाहेबांनी एवढा मोठा श्वास सोडला की त्यांचा चष्मा धुकटला.

"तुमच्या त्या मुलांचं पुढे काय झालं हो?" पद्मजाने विचारलं.

"शेतावर राबायला गेली. मीही. शिक्का मारूनसुद्धा सुटलो नाही. कागदाची उंच टोपी घालून मला गावभर फिरवलं आणि हातात झाडू दिला. अकरा वर्षांनी परीक्षा पुन्हा सुरू झाली, तेव्हा मी एका शाळेचं आवार झाडत होतो. मुलं कसली, तिशीला आलेले बाप्ये आणि बाया आल्या. त्यातल्या एकीने मला ओळखलं. कडेवरचं मूल माझ्या हातात दिलं. म्हणाली, 'रद्द तुम्ही केलीत ना? मग आता धरा याला.' आणि गेली आत."

"मग?"

"धरलं. दोन तास. त्याने मला पार ओलं केलं." ते हसले. "त्याहून चांगली नोकरी मी आयुष्यात केली नाही, पद्मजा."

पद्मजाला भरून आलं. मास्क घालून धड रडताही येत नाही माणसाला.

साडेबाराला स्वानंदी धावतच बाहेर आली. बोटं शाईने माखलेली, केस विस्कटलेले, चेहरा नुसता फुललेला. "आई, आठच्या आठ! एकही सोडला नाही! मेडिकल मिळो नाहीतर न मिळो, आता मला कुणी अंदाजाने नाही मोजणार!"

"बाई गं माझी!" पद्मजाने तिला कवटाळलं आणि दोघी तिथेच रस्त्यात उड्या मारायला लागल्या. हॉस्पिटलातल्या कुणा ज्युनियर डॉक्टरने बघितलं असतं तर बघितलं असतं!

पेपर कसा गेला, हे शेनसाहेबांनी विचारलंच नाही. त्यांनी फोन परत केला आणि हात पुढे केला.

"प्रश्नपत्रिका दे. पेनही दे. आता माझी पाळी."

ते जाऊन गाडीत मागच्या सीटवर बसले. दार लावून घेतलं. मनगटावरचं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं, पहिला प्रश्न दोनदा वाचला आणि लिहायला लागले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पावसाने जोर धरला, तशी पद्मजाने काचेवर हळूच टकटक केली.

शेनसाहेबांनी मान वर केली नाही. काच दोन बोटं खाली घेतली.

"बाहेर थांबा," ते म्हणाले. "माझा पेपर चालू आहे."