हळदीकुंकवाची यादी

कुतुबुद्दीन कारकुनांनी यादीतलं पहिलं नाव तिसऱ्यांदा पुकारलं, तरी शाळेच्या त्या खोलीतून कोणी उठलं नाही.

साताऱ्याच्या महिला मंडळाचं चैत्रातलं हळदीकुंकू होतं. साठ-सत्तर बायका आल्या होत्या. सभेला म्हटलं की घरचे सोडत नाहीत, हळदीकुंकवाला सोडतात, म्हणून मंडळाची चिटणीस विजयमाला हिने ही युक्ती काढली होती. कुंकू लावायचं, ओटीत भिजवलेले हरभरे घालायचे आणि मतदारयादीचे अर्ज तिथंच भरून घ्यायचे. इंग्रज सरकारच्या नव्या कायद्याने गावातल्या, लष्कराची पेन्शन घेणाऱ्या तेवीस बायकांना मताचा हक्क मिळत होता. पण अर्ज केला तरच, आणि आज शेवटची तारीख होती. कारकून त्यासाठी व्हरांड्यात टेबल मांडून बसले होते. तेवीस नावांची यादी विजयमालानेच कचेरीत बसून उतरवली होती. आमंत्रणही तिनेच लिहिलं होतं : सर्व सुवासिनींनी अगत्य यावे.

दुसरं नाव झालं. पाचवं झालं. नवव्याला पुढेच बसलेली बनुबाई हरभरे खाता खाता हसली.

"आवं बाई, हळदीकुंकवाला बलवायचं आन् रांडमुंड बायकांची नावं पुकारायची व्हय? नवरा मेला तवा पेन्शन लागली त्यास्नी. त्या कशाला येत्यात हितं?"

हसू खोलीभर पसरलं. विजयमालाच्या हातात कुंकवाची कोयरी होती. ती कुठं ठेवावी हे तिला सुचेना.

कारकून मान खाली घालून वाचत राहिले. शेवटचं नाव आलं.

"मनुबाई. मयत हवालदार नाथाजी यांची विधवा."

हसणं थांबलं. मनुबाई ही विजयमालाची आई, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. ती मागच्या खोलीत पन्हं गाळत होती. सकाळी ती नवं लुगडं नेसून निघाली, तेव्हा विजयमालानेच सांगितलं होतं, बाहेर बायका असतील, तू आपली आतच बस. नवं लुगडं कशाला, हे तिने विचारलं नव्हतं.

विजयमाला आत गेली. आई हात धुऊन दाराशी उभी होती.

"आलं न्हवं माजं नाव?"

"तू बोलली का नाहीस, आई?"

"तूच म्हनलीस, आत बस. मला वाटलं, नाव आलं की बलावशील."

विजयमालाने तिचा हात धरला. "चल. माझ्याबरोबर पुढून चल."

"नगं. सवाष्णी बसल्यात." आईने हात सोडवून घेतला आणि पदर डोक्यावर नीट ओढला. "मी मागनं येते. तू हो म्होरं. कारकुनास्नी म्हनावं, उठू नगा."

विजयमाला खोली ओलांडून व्हरांड्यात आली. वाटेत बायकांनी पाय आवरून घेतले. कारकुनांनी अंगठ्यासाठी शाईची डबी उघडून ठेवली होती. त्यांनी तिच्यामागे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं.

"येतेय," ती म्हणाली.

शाळेची इमारत लांबलचक होती. मागून वळसा घालून यायला आईला वेळ लागत होता.