पहिला पेला

अंदाजपत्रकापूर्वी जनतेच्या मागण्या ऐकण्याकरिता सभापतींनी बाजारातील भाजीवाल्या स्त्रियांस पाचारण केले. चहा आला, परंतु एकीनेही कपास हात लावला नाही.

"घ्या की मावशी, लाजता काय?"

"लाज कसली, साहेब! बाजारात बायकांना संडास नाही. म्हणून घरी जाईस्तोवर आम्ही पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. तेवढा एक बांधून द्या."

सभापतींचे अंतःकरण द्रवले. माता-भगिनी दिवसभर तहानलेल्या! निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी बाजारात भव्य पाणपोई उभारली आणि उद्घाटनाचा पहिला पेला मावशींच्याच हाती दिला.

"प्या मावशी, पोटभर प्या! तुमचीच मागणी!"

टाळ्यांच्या गजरात मावशींनी पेला रिकामा केला. बाजार नुकताच कुठे भरू लागला होता.