ढगांच्या वर

जमिनीवरच्या दुर्बिणीशी माझं कधी जमलंच नाही. माझा नंबर लागला, की आभाळ भरून आलंच म्हणून समजा. आई तर फोन उचलल्या उचलल्या "आजही ढगच का गं?" असंच विचारायची.

शेवटी वैतागून मी विषयच बदलला आणि क्ष-किरणांकडे वळले. ते टिपणारी दुर्बीण उपग्रहावर असते, ढगांच्या कितीतरी वर. अर्ज दोनदा परत आला, पण अखेर एका जवळच्या सक्रिय दीर्घिकेसाठी वेळ मिळाला. जवळची म्हणजे पाच कोटी प्रकाशवर्षांवरची. आमच्यात हे शेजारच. तिच्या पोटातल्या कृष्णविवराभोवती वायू तापून क्ष-किरणांत नुसता लखलखत असतो. तो नीट दिसला तर माझी फेलोशिप वाढणार होती, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

काल निरीक्षणं हाती आली. सुरुवातीला सगळं झकास होतं, आणि मग तेजाचा आलेख जो खाली आपटला, तो शेवटपर्यंत वर आलाच नाही. गाईड सरांनी स्क्रीनकडे निरखून पाहिलं, कारण सांगितलं आणि चष्मा काढून पुसत बसले.

तेवढ्यात आईचा फोन. माझ्या 'हॅलो'वरूनच तिने ओळखलं. "आता कुठे माशी शिंकली गं? तिथे वर तर ढगबिग नसतात ना?"



"ढगच आला, आई! वायूचा, त्या दीर्घिकेतला. पाच कोटी वर्षांपूर्वी आडवा आला मेला, आणि तोही नेमका माझ्याच वेळेला!"