पंचावन्न इंचांची पत्रिका

"गुरुजी, मॅच बगायला पायजे का पिक्चर?" पुनमचंदशेठनी विचारलं.

"पत्रिका," विश्वंभर गुरुजी म्हणाले.

हिंगोलीच्या त्या दुकानात टीव्ही घ्यायला नाना तऱ्हेचे लोक येत, पण हे उत्तर शेठना नवं होतं. मग त्यांच्या लेकीनं, रेवतीनंच समजावून सांगितलं. बाबा नरसीला घरी कॉम्प्युटरवर जन्मपत्रिका तयार करतात. आता डोळे दगा द्यायला लागलेत. कॉम्प्युटरला मोठा टीव्ही जोडला तर अक्षरं मोठी होतील, काम चालू राहील. बाबांनी केलेल्या पत्रिकांचा पेनड्राइव्ह तिनं सोबत आणला होता. चित्र काय, कुठल्याही टीव्हीवर झकास दिसतं; तिला जोडाक्षरं बघायची होती.

त्या जोडाक्षरांवर तिची नोकरी टांगलेली होती. सोमवारी नागपूरला हजर व्हायचं होतं. घरात बापलेक दोघंच. 'तुम्हाला टीव्हीवर दिसलं तरच जाईन, नाहीतर गेली नोकरी उडत,' असं तिनं निक्षून सांगितलं होतं. हट्टाला पोरगी बापावरच गेली होती.

शेठनी पेनड्राइव्ह दुकानातल्या लॅपटॉपला लावला आणि त्याची वायर बत्तीस इंचीला जोडली. रेवतीनं स्वतःचीच पत्रिका उघडली. गुरुजी नाक काचेला लागेल इतके वाकले.

"पुसट हाय."

त्रेचाळीस इंचीवर अक्षरं बोटाएवढी झाली. गुरुजींनी मान तिरकी करून पाहिली, चष्मा पुसून पाहिला. "न्हाई गं."

रेवतीनं शेठकडे पाहिलं.

"आता हा शेवटचा. पंचावन्न. याच्यापेक्षा मोठा माझ्याकडं न्हाई," शेठ म्हणाले. वायर काढून त्यांनी तिकडे जोडली आणि पत्रिका पुन्हा उघडून दिली.

रेवतीनं बाबांना हाताला धरून पडद्यापुढे नेलं. पडद्याकडे बघायचा तिला धीर होईना. ती त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिली.

गुरुजींनी पडद्यावर बोट टेकवलं. मग त्यांचा चेहरा उजळला. ओळीखाली बोट फिरवत ते खणखणीत आवाजात वाचू लागले. "शके एकोणीसशे सोळा, भाव नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध द्वादशी, नक्षत्र रेवती, चरण तिसरा..." कुठे म्हणून अडखळले नाहीत.

"बग, काना-मात्रासुद्दा दिसून राहिली! रविवारची गाडी पकड तू. उगं बापाच्या डोळ्याचं निमित्त करू नको."

रेवतीला हसू फुटलं. किती दिवसांनी फुटलं. हसतच तिनं पडद्याकडे पाहिलं.

शेठच्या हातून शेजारची फाइल उघडली गेली होती. सगळ्यात वर, मुठीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : चि. आयुष. कळमनुरीचं कुणाचं तरी दोन-तीन वर्षांचं लेकरू. गुरुजींचं बोट त्या नावाखालूनच फिरत होतं; वाचली होती मात्र लेकीची पत्रिका.

शेठच्याही ते ध्यानात आलं. जीभ चावून ते लॅपटॉपकडे वळले. रेवतीनं हातानंच त्यांना थांबवलं.

"हाच घ्यायचा ना, बाबा?"

"हाच. लख्ख दिसतंय."

बोलता बोलता गुरुजींचं बोट घसरून पडद्याच्या खालच्या कडेवर आलं होतं. लहानपणी ते तिचं बोट धरून पाटीवर फिरवत, तसं तिनं ते धरलं, उचललं आणि काचेच्या मधोमध ठेवलं.

"आता पुढची ओळ वाचा."

"रास मीन, गण देव, नाडी अंत्य..." गुरुजी न चुकता वाचत गेले.